काडीमोड झाला, पदरात काय पडले?

गावात एखाद्या घरचा काडीमोड झाला की पारावर पहिली चर्चा होते ती चूक कुणाची याची. नवऱ्याची की बायकोची, सासूची की माहेरच्यांची. चार दिवस हे चालते, मग गाव आपल्या कांदाकाढणीला लागते. जमिनीचे काय ठरले, घराचे काय झाले, नवऱ्याच्या फंडाचे काय, हे कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर गावाने आधीच धरून ठेवलेले असते, "तिचं काय हाय हितं? आली तशी गेली."

कायद्याचे उत्तर इतके उद्धट नाही, पण वळण बरेचसे तेच आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. सिनेमानटांच्या आणि उद्योगपतींच्या घटस्फोटाच्या बातम्या वाचून "घटस्फोट झाला की निम्मं मिळतं" असे आता खेड्यातही सर्रास बोलले जाते. इंग्लंड-अमेरिकेत कोर्ट नवरा-बायकोची मिळकत, अगदी निवृत्तीचा फंडसुद्धा, दोघांत वाटून देते हे खरे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढा. नवऱ्याच्या नावावरची जमीन किंवा घर घटस्फोटाच्या वेळी बायकोला वाटून द्या, असे एकही कलम त्यात सापडणार नाही. दोन कलमे आहेत. कलम २५ पोटगीचे आणि कलम २७ लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या आहेराचे. म्हणजे एक भाकरीचे आणि एक भांड्यांचे. रानाचे कलम नाही.

एक उदाहरण धरून चालू, म्हणजे घोळ होणार नाही. समजा, एका बाईचे लग्न १९९८ साली झाले. सासरी सहा एकर वडिलोपार्जित रान, ते भावाभावांच्या वाटणीत नवऱ्याच्या वाट्याला आलेले. नवरा सहकारी साखर कारखान्यात कायम नोकरीला. रान बाईने कसले. निंदणी, खुरपणी, दारे धरणे, म्हशीची धार, सगळे तिच्याकडे. विहीर खोल करायची वेळ आली तेव्हा तिच्या अंगावरचे सोने गेले. गावठाणात घर बांधले ते नवऱ्याच्या नावावर. पुढे मन फाटले आणि प्रकरण घटस्फोटावर आले. एक मुलगा, एक मुलगी. अशी घरे तुमच्या गावातही दोन-चार निघतील. या बाईच्या हाताला काय लागते ते एकेक करून पाहू.

सहा एकरांचा हिशेब

सातबारावर नवऱ्याचे नाव. पंचवीस वर्षे कसले म्हणून बाईचे नाव लागत नाही. कुळाने जमीन कसली तर त्याच्यासाठी कायदा झाला, बायकोने कसली तर तो संसार झाला, असे आपल्याकडचे गणित आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पत्नी म्हणून या सहा एकरांवरचा तिचा संबंध संपतो. नवरा उद्या वारला तर ती वारसही नाही, कारण ती त्याची विधवा नव्हे.

पण इथे थांबा. पुढच्या दोन गोष्टी फार थोड्या लोकांना माहीत आहेत आणि ज्यांना माहीत आहेत ते सांगत नाहीत.

पहिली गोष्ट. आपल्या भागात चालणाऱ्या मिताक्षरा हिंदू कायद्याप्रमाणे बायकोला स्वतः होऊन वाटणी मागता येत नाही. मात्र बाप आणि मुले यांच्यात वाटणी झालीच, तर त्या वेळी मुलाइतकाच एक हिस्सा बायकोला धरावा लागतो. आपल्या उदाहरणात बाप, मुलगा, मुलगी आणि बायको असे चार हिस्सेदार होतात. सहा एकरांचे चार भाग, प्रत्येकी दीड एकर. ही वाटणी ती कायद्याने पत्नी असताना झाली तर दीड एकर तिचे. हीच वाटणी घटस्फोटानंतर झाली तर तीन भाग पडतात, दोन-दोन एकरांचे, आणि तिच्या वाट्याला बांधावरचा दगडही येत नाही. पाहा, जमीन तीच, कुटुंब तेच, फक्त तारीख पुढेमागे झाली. म्हणूनच "आधी सही कर, जमिनीचं मागनं बघू" असे कुणी म्हणाले तर सावध व्हावे. मागनं बघायला काही राहत नाही.

दुसरी गोष्ट. नवरा-बायकोचे नाते कोर्ट तोडू शकते, बाप-लेकरांचे नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. मुलीचाही असतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितले की त्या तारखेला बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. मुले अज्ञान असतील तर आईला त्यांच्यातर्फे वाटणीचा दावा लावता येतो. बाप जमीन विकून टाकायच्या नादाला लागला असेल, तर मुलांच्या हितासाठी हाच एक आडसर असतो. तो दावा दाखल झाल्याची नोटीस उपनिबंधकाकडे नोंदवून घ्यावी. मग पुढचा खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही.

आता यात एक गाठ आहे आणि ती वकिलाकडूनच सोडवून घ्यावी लागते. आपण ज्याला सहज वडिलोपार्जित म्हणतो ते सगळे कायद्याच्या भाषेत एकत्र कुटुंबाचे असतेच असे नाही. १९५६ नंतर बाप वारल्यावर वारसाने एकट्याच्या नावावर आलेली जमीन पुष्कळदा त्याची स्वतःची धरली जाते, आणि स्वकष्टाच्या जमिनीत मुलांना बाप जिवंत असताना मागणी करता येत नाही. फरक कळतो तो जुन्या फेरफारांवरून. म्हणून नुसता चालू सातबारा घेऊन वकिलाकडे जाऊ नका. आजोबांपासूनचे फेरफार तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या रेकॉर्डमधून काढा. थोडे पैसे जातील आणि दोन-तीन खेटे पडतील, पण खटल्याचा पाया तोच आहे.

बोजा तिचाही चढतो

कलम २५ ची पोटगी दरमहा देता येते किंवा एकरकमी. पोटगी किती हे नवऱ्याची ऐपत, बायकोचे स्वतःचे उत्पन्न, दोघांची वागणूक असे सगळे पाहून कोर्ट ठरवते. ठरलेला दर नाही. पोटगी मागण्याचा अर्ज घटस्फोटाच्या निकालाबरोबर करता येतो, तसाच नंतरही करता येतो. निकाल लागून दोन वर्षे झाली म्हणून दार बंद होत नाही, मात्र तिने दुसरे लग्न केले तर ते बंद होऊ शकते.

या कलमात एक वाक्य आहे, ते प्रत्येक शेतकरी घरातल्या बाईने पाठ करावे असे आहे. गरज वाटल्यास कोर्ट पोटगीच्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर ठेवू शकते. बोजा म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायला नको. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, सातबाराच्या इतर हक्कात चढलेला असला की जमीन विकताना घाम फुटतो. तसाच बायकोच्या पोटगीचा बोजा चढतो. कोर्टाच्या हुकमाची नक्कल तलाठ्याकडे देऊन फेरफार नोंदवून घ्यायचा. हे न केल्याने काय होते? नवरा दोन-चार महिने पोटगी देतो, मग जमीन भावाच्या नावाने करून देतो आणि कोर्टात येऊन हात वर करतो, "माझ्याकडं कायबी न्हाई." अर्जात बोजाची मागणी केलेली नसली तर कोर्ट आपण होऊन ती देईलच असे नाही. मागावी लागते.

ऐपतीचा पुरावा हे आजवर बायकांचे मोठे दुखणे होते. शेतकरी नवरा कोर्टात सांगायचा, रान जिरायत, पाऊस नाही, उत्पन्न नाही. नोकरदाराची पगाराची स्लिप असते, शेतकऱ्याची नसते. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात देशभरच्या कोर्टांसाठी नियम घालून दिला की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्तेचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुनाच जोडलेला आहे. एकूण जमीन किती, त्यातला हिस्सा किती, बागायत की जिरायत, पीक काय घेतले, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, जमीन बटईने दिली-घेतली आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, जमिनीवर कर्ज काय, असे सगळे त्यात लिहून द्यावे लागते. खोटे लिहिले तर ते शपथेवर खोटे ठरते. तेव्हा बाईने आपल्या बाजूने तयारी ठेवावी. कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, दूध संस्थेचे पगारपत्रक, बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी, पीक कर्जाच्या अर्जातले पिकाचे क्षेत्र, यातले काही हाताला लागले तर झेरॉक्स काढून माहेरी ठेवावी. कर्ज मागताना माणूस आपले पीक फुगवून सांगतो आणि पोटगी देताना तेच आटवून सांगतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की न्यायाधीशाला फार विचारावे लागत नाही. याच निकालाने आणखी एक बरे केले. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, निकालाच्या तारखेपासून नाही. तारखा लांबवून नवऱ्याचा फायदा होत असे, तो कमी झाला.

फंड, ग्रॅच्युईटी आणि पेन्शन

आता कारखान्याच्या नोकरीकडे येऊ. कामगाराच्या पगारातून १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत कापले जातात. कारखानाही आपल्या वाट्याचे घालतो आणि त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा फंड आणि ग्रॅच्युईटी मिळून जी रक्कम होते, तेवढे रोख पैसे त्या घराने आयुष्यात एकदाच पाहिलेले असतात. यातला काही भाग बायकोचा म्हणून तोडून द्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. फंड त्याच्या नावाचा, त्याचाच. फंडात पडून असलेल्या रकमेवर सावकाराच्या देण्यापोटी जप्तीही आणता येत नाही, कामगाराच्या भल्यासाठीच तसा नियम केलेला आहे.

मग बायकोने काय करावे? एक, फंडाची रक्कम किती जमली आहे हे प्रतिज्ञापत्रात उघड करून घ्यावे आणि एकरकमी पोटगी ठरवताना ती ऐपतीत धरायला लावावी. कोर्ट फंडाचे दोन तुकडे करत नाही, पण ज्याच्या फंडात मोठी रक्कम आहे त्याला गरीब म्हणून सोडतही नाही. दोन, निवृत्तीची तारीख गुपित नसते. नवरा कधी निवृत्त होणार हे सगळ्या कारखान्याला माहीत असते. त्या तारखेच्या आधी अर्ज पडला पाहिजे. पैसा एकदा हातात आला आणि ट्रॅक्टरमध्ये किंवा पुतण्याच्या धंद्यात गेला की मग कागदावरची पोटगी वसूल करणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट जुंपणे.

तिसरी सोय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही याचे नवल वाटते. छळ झालेल्या बाईला खर्चापोटी जी रक्कम मंजूर होते, ती नवऱ्याने दिली नाही तर कोर्ट त्याच्या मालकाला किंवा त्याच्या देणेकऱ्याला थेट हुकूम करू शकते की एवढी रक्कम परस्पर तिला द्या किंवा कोर्टात भरा. मालक म्हणजे जिथे तो नोकरी करतो ती जागा. पण देणेकरी या शब्दाकडे बघा. ज्याच्याकडून नवऱ्याला पैसे येणे आहेत तो देणेकरी. मग ऊसबिल देणे असलेला कारखाना, दुधाचा पगार देणे असलेली डेअरी, यांच्याकडेही बोट दाखवता येईल. आपल्या वकिलाला हा मुद्दा जरूर सांगा.

पेन्शनचे थोडे वेगळे आहे. नवरा वारल्यावर जी कुटुंब पेन्शन मिळते ती त्याच्या विधवेला. सरकारी नोकर असो, जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की कारखान्याचा कामगार, घटस्फोट झालेली बायको कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही. हुकूमनाम्याच्या दिवशी तिचा हा हक्क जातो. बापाची लेकरे मात्र लेकरेच राहतात. नवरा हयात असताना त्याच्या पेन्शनमधून पोटगी मिळते का? मिळू शकते. पेन्शनवर सावकाराची जप्ती येत नाही हे खरे, पण पोटगी मागणारी बायको म्हणजे सावकार नव्हे, असे म्हणणारे निकाल झालेले आहेत.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. बायको नोकरीला असेल, नर्स असेल, शिक्षिका असेल, तर तिचा फंड, तिचा पगार, तिच्या नावावरचे घर तिचेच. नवऱ्याला त्यात वाटा नाही. कायद्यात नवऱ्यालाही पोटगी मागता येते, पण तो मुद्दा वेगळा. अशा बाईने घटस्फोटानंतर एक काम विसरू नये. फंडात, बँकेत, विम्यात वारस म्हणून नवऱ्याचे नाव दिलेले असते, ते बदलून घ्यावे.

राजीखुशीचा कागद

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे बाँडपेपरवरची सोडचिठ्ठी. चार पंच बसतात, नोटरीचा शिक्का होतो, "आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, एकमेकांवर हक्क सांगणार नाही" असे लिहिले जाते, बाईच्या हातावर काही रक्कम ठेवतात आणि अंगठा घेतात. लोक समजतात, झाला काडीमोड.

कायद्याने तो झालेला नसतो. हिंदू विवाह कोर्टाच्या हुकमाशिवाय मोडत नाही. काही जातींत पूर्वापार चालत आलेल्या फारकतीच्या रूढीला कायद्याने मान्यता ठेवली आहे, पण तशी रूढी खरोखरच आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, नुसते म्हणून भागत नाही. आदिवासींना हिंदू विवाह कायदा एरवी लागू नाही, तिथे त्यांची रूढी चालते.

तेव्हा ज्या बाईने फक्त बाँडवर अंगठा दिला, ती कायद्याने अजून बायकोच आहे. याचे दोन अर्थ निघतात, एक तिच्या बाजूचा आणि एक विरुद्ध. बाजूचा असा की नवरा वारला तर ती त्याची पहिली वारस. जमिनीच्या वारस नोंदीत तिचे नाव लागले पाहिजे, कुटुंब पेन्शन आणि फंडावर तिचाच हक्क, मग घरात दुसरी वीस वर्षे का नांदत असेना. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न कायद्यापुढे शून्य असते. दुसरीची मुले मात्र औरस धरली जातात आणि बापाच्या हिश्शात त्यांनाही वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली पुन्हा स्पष्ट केले. यात दुसरीची फरफट होते, तिची बिचारीची चूक बहुतेक वेळा काहीच नसते.

विरुद्ध बाजू अशी. पोटगीचे जे जुने १२५ कलम होते ते १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. त्यात लिहिले आहे की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. म्हणजे तो राजीखुशीचा बाँड घटस्फोट म्हणून चालत नाही, पण पोटगी नाकारायला नवऱ्याचा वकील तोच पुढे करतो. बाईच्या दोन्ही हातांतले जाते. कोर्टातून संमतीने घटस्फोट घेतलेल्या बाईला हे वाक्य आड येत नाही, दुसरे लग्न करेपर्यंत ती पोटगी मागू शकते. अडचण बाँडवालीची आहे. या १४४ कलमाची पोटगी मुस्लीम बायकांनाही मागता येते, घटस्फोटितेलाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी सांगितले आहे. आणि एक तारीख लक्षात ठेवावी. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल कधीतरी" म्हणत दोन-तीन वर्षे वाट पाहिली की जुनी बाकी या मार्गाने वसूल होत नाही.

समजुतीने घ्यायचेच असेल तर ते कोर्टात, कलम १३ ब खाली घ्या. तिथे ज्या अटी लिहाल तेच तुमचे खरे वाटप, कारण कायद्यात नसलेली वाटणी करारात आणता येते. दीड एकर देतो म्हणाला? मग गट नंबर लिहा, मोजणी करून चतुःसीमा लिहा, वाट कुठून ते लिहा, विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी लिहा. पाणी नसलेले आणि वाट नसलेले रान देऊन बोळवण केलेल्या बाया पुष्कळ आहेत. तुकडेबंदीत बसते का तेही आधी बघा, नाहीतर नोंदच होणार नाही. खरेदीखत किंवा बक्षीसपत्र नोंदवून फेरफार मंजूर होईपर्यंत शेवटची संमती देऊ नका. संमती शेवटच्या तारखेपर्यंत मागे घेता येते, हेच तिच्या हातातले एकमेव शस्त्र असते.

सोन्याचे आणि कर्जाचे

स्त्रीधन, म्हणजे माहेराहून, सासरहून, पाहुण्यांकडून बाईला म्हणून मिळालेले दागिने, भांडी, रोख, हे सगळे तिचे एकटीचे. नवऱ्याच्या कपाटात असले तरी ती त्याच्याकडची ठेव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. विहिरीला घातलेले सोने परत मागता येते, पण ते होते हे दाखवावे लागते. सोनाराची पावती कुणी ठेवत नाही. मात्र आपल्याकडे लग्न ठरताना याद होते, त्यात देणेघेणे लिहिलेले असते, दोन्हीकडच्यांच्या सह्या असतात. ती याद आणि लग्नातले फोटो फेकू नका.

कर्जाची गोष्ट याहून कडू आहे. आज गावोगाव बचत गटाचे आणि फायनान्स कंपन्यांचे कर्ज बायकांच्या नावावर निघते आणि बोअर नवऱ्याच्या रानात पडते. घटस्फोट झाला की बोअर तिकडे राहते, हप्ता इकडे येतो. कर्ज देणाऱ्याला तुमच्या हुकूमनाम्याशी कर्तव्य नसते, सही कुणाची तेवढे तो पाहतो. नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बाईचेही तेच. समझोत्यात हे कर्ज कोण फेडणार ते लिहून घ्यावे आणि शक्य तर सह्या होण्याआधीच ते बेबाक करून घ्यावे.

बांद्याच्या पलीकडे

हे सगळे असेच असायला हवे असे नाही. सिंधुदुर्गात बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो आणि कायदा बदलतो. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची सामायिक होते, निम्मी-निम्मी. नवऱ्याला घर-जमीन विकायची तर बायकोची सही लागते, आणि घटस्फोटात ती मिळकत वाटली जाते. तिथल्या बायकांच्या सगळ्या अडचणी मिटल्या असे कुणी म्हणणार नाही, पण निदान "आली तशी गेली" असे तिथला कायदा म्हणत नाही. मधे एक नाका आणि तेरेखोलची नदी, एवढेच अंतर.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. १९९२ साली सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून सातबारावर बायकोचे नाव लावायची योजना त्याच नावाने आणली. नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) संगमनेरला परित्यक्तांची परिषद १९८८ साली झाली. पुढे दिल्लीत विवाह कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून वाटा देण्याची तरतूद त्यात घातली गेली, ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूरही केले. लोकसभेत ते पडून राहिले आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपताच बारगळले.

तेव्हा कायदा येईपर्यंत कागदच कामाला येतो, आणि तो संसार चांगला चालू असताना करायचा असतो. भांडण पेटल्यावर कुणी बायकोच्या नावे गुंठा करत नाही. घराची ग्रामपंचायतीतली नोंद, नमुना ८, दोघांच्या नावे करून घ्या. नवे रान विकत घेताना खरेदीखतातच दोघांची नावे घाला. जुनी जमीन द्यायची असेल तर बक्षीसपत्र करा. नवऱ्याने बायकोच्या नावे शेतजमिनीचे बक्षीसपत्र केले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च. नुसते सातबारावर नाव चढले म्हणजे मालकी झाली असे मात्र समजू नका. सातबारा ही महसुली नोंद आहे.

माहेरचे दार

शेवटी माहेर. घटस्फोटित बाईला खात्रीने जमीन मिळू शकते ती नवऱ्याकडून नाही, बापाकडून. आणि नेमके तेच दार आपण तिच्या लग्नानंतर लगेच बंद करून टाकतो. बाप वारला की वर्षाच्या आत भाऊ बहिणींना तालुक्याला नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, येताना साडीचोळी करतात. नाही म्हटले तर माहेर तुटेल, ही भीती. सही दिली की भाऊबीज राहते. पण दहा वर्षांनी तीच बहीण पोरे घेऊन दारात उभी राहते तेव्हा ती हक्काने आलेली नसते, आश्रयाला आलेली असते, आणि भावजय तिला ते रोज जाणवून देते. नोंदणी केलेले हक्कसोडपत्र रद्द करून घेणे फार अवघड आहे. बंधूंनो, बहिणीचा हिस्सा तिच्या नावावर राहू द्या, कसा तुम्हीच. आणि भगिनींनो, कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

यातल्या कुठल्याही कामाला वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. छळाची तक्रार असेल तर महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, अर्ज भरून द्यायला ते मदत करतात आणि घरातून बाहेर काढले असल्यास राहत्या घरात परत जागा मिळवण्याचा अर्जही तिथूनच होतो. ते घर सासऱ्याच्या नावावर असले तरी अडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले आहे. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, आणि मिळाल्यास नवऱ्याच्या पगाराची किंवा फंडाची एखादी स्लिप बरोबर न्यावी.